चाकांवरच्या घरातील ऊब

कोल्हापूरची थंडी ही सोसवणारी थंडी आहे. मार्गशीर्ष लागला, की पहाटे पंचगंगेच्या पात्रावर धुके उतरते, घाटावर स्नानाला आलेली माणसे पहिला तांब्या अंगावर घेताना मोठ्याने देवाचे नाव घेतात, आणि गल्लीच्या तोंडाशी वाळका पालापाचोळा गोळा करून शेकोट्या पेटतात. शेकोटीपाशी कोणी कोणास बोलावीत नाही. तरी चार म्हणता दहा माणसे जमतात. ऊन वर आले, की शेकोटी विझते आणि थंडीचा विसरही पडतो. ज्याच्या घराला दगडामातीच्या भिंती आहेत, माथ्यावर कौले आहेत आणि कौलांच्या फटींतून वारा खेळतो आहे, त्याला ऊब आणि हवा या दोहोंचा एकाच वेळी विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तो प्रसंग येतो लहानशा, बंदिस्त आणि फिरत्या घरात राहणाऱ्यांवर. अशाच एका घराची ही हकीकत आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर नावाची कारागिरांची वसाहत आहे. शेतकऱ्यांच्या विहिरींवर धडधडणारी ऑइल इंजिने एके काळी या वसाहतीने घडविली. यंत्रांचे आणि वाहनांचे नाना प्रकारचे सुटे भाग आजही तेथे घडत असतात. सकाळी दहाच्या सुमारास त्या गल्ल्यांतून चालू लागावे, म्हणजे एका बाजूने लेथची घरघर, दुसऱ्या बाजूने घणाचे ठोके आणि मधूनच वेल्डिंगचा निळा लखलखाट असा सारा थाट दिसतो. तेथील कित्येक कारागिरांजवळ पदव्या नाहीत. परंतु बिघडलेले यंत्र त्यांच्यापुढे आणून ठेवले, तर ते प्रथम त्याला हात लावीत नाहीत, कान लावतात. अशा एका शेडमध्ये साठीला टेकलेले एक मेस्त्री काम करीत असत. ते फार बोलत नसत. बोलले, तर बहुधा नाहीच म्हणत असत, अशी त्यांची गिऱ्हाइके थट्टेने सांगत.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे फिरत्या घरातून करावयाच्या प्रवासाचे धोरण जाहीर केले. त्यानंतरच्या एका वर्षी, दिवाळी सरल्यावर, एक लांबट मोटार या मेस्त्रींच्या दारात येऊन उभी राहिली. बँकेतून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ, एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या त्यांच्या पत्नी, आणि सुटीत आजोळी आलेला त्यांचा बारा वर्षांचा नातू, अशी तीन माणसे तीतून उतरली. परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी काढून त्या मोटारीचे घर करण्यात आले होते. मागे दोघांना निजण्याजोगा पलंग होता, मध्ये वीतभर ओटा होता, त्याखाली पाण्याची टाकी होती आणि छताशी लहान लहान कपाटे होती. पत्र्याच्या आतून चारी बाजूंनी जाड अस्तर दिलेले होते. फटी शोधून शोधून बुजविल्या होत्या. झाकण घट्ट बसलेल्या पितळी डब्याप्रमाणे ते घर सर्व बाजूंनी बंद झाले होते, आणि त्या गृहस्थांना त्याचाच विशेष अभिमान वाटत होता.

त्यांचा बेत मोठा होता. उभयतांनी जन्मात बर्फ पडताना पाहिले नव्हते. हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात भर हिवाळ्यात जाऊन ते पाहावे, असे त्यांनी ठरविले होते. स्पितीतील काझा हे गाव समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहूनही उंच आहे. हिवाळ्यात तेथील पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली जातो. मनालीकडून जाणारी कुंझुम खिंड त्या दिवसांत बर्फाने बंद होते. सिमल्याहून किन्नौरमार्गे जाणारा रस्ता मात्र बहुधा चालू असतो. त्या वाटेने जावे, रात्री गाडीतच मुक्काम करावा आणि त्यासाठी गाडीत गॅसवर चालणारी एक शेगडी बसवून घ्यावी, एवढ्याच कामासाठी ते मेस्त्रींकडे आले होते. शेगडी त्यांनी बरोबर आणली होती. जाळीपुढे उघडी ज्योत असलेली, कोठेही उचलून ठेवता येईल अशी ती होती. स्वयंपाकघरातला तांबडा सिलिंडरही आणला होता.

मेस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी घातली. आत जाऊन दार लावून घेतले आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ही शेगडी मी बसविणार नाही. आणि हा सिलिंडर घरी घेऊन जा. तो स्वयंपाकघराचा आहे, कायद्यानेही तो गाडीत लावता येत नाही. शेगडी दुसऱ्या जातीची आणा. तिच्यासाठी खाली तळाला दोन भोके पाडावी लागतील. सिलिंडरला वेगळा कप्पा करावा लागेल, त्यालाही तळाशी एक भोक लागेल."

गृहस्थ चमकले. "अहो मेस्त्री, ऊब आत राहावी म्हणून मी दोन महिने फटी बुजवीत बसलो, आणि तुम्ही भोके पाडायला निघालात?"

"ऊब आत राहू दे, साहेब. विस्तवाचा श्वास बाहेर गेला पाहिजे."

गृहस्थांना हे पटले नाही. त्यांचा आवाज थोडा चढला. नवीन गाडीला भोके पाडून घेण्यास कोणाचेही मन सहजासहजी तयार होणार नाही, हे खरेच आहे. मेस्त्रींनी वाद घातला नाही. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला, तिघांना बाकावर बसण्याची खूण केली, चहा सांगितला, आणि कोणास कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

मेस्त्री मूळचे कोल्हापूरचे नव्हेत. त्यांचे घर बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, आणि पुढच्या साली त्यांचे वडील एका मुकादमाची उचल घेऊन गाडी-बैलांसह ऊस तोडण्यासाठी कोल्हापूरच्या मुलखात आले. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते! दसरा-दिवाळीनंतर अशी हजारो कुटुंबे मराठवाड्यातून नदीकाठच्या ऊसपट्ट्यात येतात आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. पहाटे तीन-चारला उठून फडात शिरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, गाडी कारखान्यावर न्यायची, आणि उरलेल्या वाढ्यांवर बैल जगवायचे. साखर खाणाऱ्याला यातले काही दिसत नाही. राहण्यासाठी जी खोप उभारतात, तिला कोपी म्हणतात. बांबूच्या तट्ट्या कमानीसारख्या वाकवून वर पाचट टाकले, की कोपी झाली. तीत ताठ उभे राहता येते ते फक्त मधोमध. चूल असते ती दारापुढे, उघड्यावर. कारण पाचटावर एक ठिणगी पडली, तर सारी ओळच्या ओळ पेटते.

मेस्त्री तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. कोपीत आई, वडील, आजी, ते स्वतः आणि सहा महिन्यांची बहीण अशी पाच माणसे होती. पौषातल्या एका रात्री अवकाळी पाऊस आला. वारा सुटला. बाहेरची चूल विझली. बहिणीला आधीच खोकला होता, आणि गारठ्याने ती निळी पडू लागली. वडिलांनी कोठून तरी ताडपत्री आणून कोपीवर घातली आणि तिच्या कडा जमिनीपर्यंत ओढून वर दगड ठेवले. दाराला गोणपाट होते. तेही खाली दाबून टाकले. आजीने विझत्या चुलीतले बाभळीचे निखारे घमेल्यात भरले आणि घमेले आत आणून मध्ये ठेवले. निखारे लालबुंद फुलले होते. धूर मुळीच नव्हता. थोड्या वेळात कोपी उबदार झाली. बाळ निजले, आणि दिवसभराच्या श्रमाने थकलेली माणसेही निजली.

मध्यरात्री बैलांच्या घंटा वाजल्या. वाऱ्याने बिथरून एक बैल दावे तोडून गेला होता. आजीचीच झोप तेवढी सावध. ती उठली, तेव्हा तिला भोवळ आल्यासारखे झाले. परंतु म्हातारपण म्हणून तिने मनावर घेतले नाही. पावसात बैल शोधून, बांधून परत यायला तिला अर्धा तास तरी लागला. गोणपाट उचलून तिने मुलाला हाक मारली. उत्तर आले नाही. पुन्हा हाक मारली, हलवून पाहिले, तरी कोणी हलेना. धूर नाही, वास नाही, साप नाही, मग झाले तरी काय? म्हातारीने विचार करण्यात वेळ घालविला नाही. नातवाचा पाय धरून तिने त्याला फरफटत बाहेर पावसात आणले. बाळाला बाहेर आणले. मग ओरडत ओरडत ताडपत्री ओढून टाकली. तिच्या ओरडण्याने शेजारच्या कोप्यांतली माणसे धावली.

पाचही माणसे वाचली. वडिलांना दोन दिवस उभे राहवत नव्हते. आईचे डोके ठणकत होते आणि पोटात अन्न ठरत नव्हते. मेस्त्रींना एवढेच आठवते, की आपण डोळे उघडले, तेव्हा तोंडावर पाऊस पडत होता आणि आजी आपल्या गालावर चापट्या मारीत होती. त्यानंतर आजी जितकी वर्षे जगली, तितकी वर्षे ती थंडीवाऱ्यातही उघड्या दाराशीच निजली.

त्या रात्री कोपीत नेमके काय घडले, हे पुढे मेस्त्रींनी उद्यमनगरातच एका जाणत्या माणसाकडून समजून घेतले. विस्तवाला जळण्यासाठी प्राणवायू लागतो. तो भरपूर मिळाला, तर जळणातल्या कार्बनापासून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो अपुरा पडला, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा दुसरा वायू तयार होतो. आणि फुललेल्या निखाऱ्यांतून तर तो फारच निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. परंतु प्राणवायूपेक्षा ते या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे रक्ताच्या गाडीतील जागा हा आगंतुक अडवून बसतो आणि खरा उतारू खाली राहतो. प्रथम डोके जड होते, मग मळमळते, हातापायांतील शक्ती जाते आणि झोप येते. ही झोपच घात करते. जागा माणूस दार उघडील. निजलेल्याला ते सुचणार कसे? धुराने माणूस खोकतो, डोळे चोळतो आणि बाहेर पळतो. या दृष्टीने पाहिले, तर ज्याला आपण शिव्या देतो, तो धूर पुष्कळ प्रामाणिक म्हटला पाहिजे.

थंड मुलखातील लोकांना हे फार पूर्वीच उमगले आहे. काश्मीर-लडाखकडे घराच्या मधोमध बुखारी नावाची लोखंडी शेगडी असते, आणि तिच्यावरून निघालेला नळ छपरातून बाहेर काढलेला असतो. मंगोलियातील गुराखी लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत राहतात. त्यांच्या चुलीचे धुराडे तंबूच्या माथ्यावरील गोल झरोक्यातून वर जाते. इंग्लंडमधील जिप्सी लोकांच्या घोड्यांनी ओढावयाच्या घरगाड्या तर फारच सुबक असत. त्यांतही बिडाची लहान शेगडी असे आणि तिचे धुराडे गाडीच्या रस्त्याकडील अंगाला काढीत. दुसऱ्या अंगाला काढले, तर कडेच्या झाडांच्या फांद्या त्याला अडकत. विस्तव घरात घ्यावा, परंतु त्याचा उच्छ्वास घरात घेऊ नये, हे या सर्वांनी आपापल्या परीने साधले आहे.

चहा संपला होता. गृहस्थ गोष्टीने हेलावले होते. तथापि त्यांची शंका फिटली नव्हती. ते म्हणाले, "मेस्त्री, तुमची गोष्ट कोळशाची झाली. गॅस स्वच्छ जळतो. आमच्या घरात रोज जळतो, कोणाला काही होत नाही." ही शंका खोटी नव्हती. मेस्त्रींना तिचे उत्तर शब्दांत देता येईना. ते नुसते म्हणाले, "घर मोठे आहे, साहेब." आणि ते उठून दुसऱ्या कामाला लागले. गृहस्थ रागानेच गाडी घेऊन निघून गेले.

उत्तर निघाले ते घरी, रात्रीच्या जेवणानंतर. बाईंनी नातवाला मोजपट्टी घेऊन गाडीत पाठविले. गाडीची आतली लांबी चार मीटर भरली, रुंदी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, आणि उंचीही तेवढीच. गुणाकार केला, तेव्हा सुमारे १३ घनमीटर जागा झाली. मग बाईंनी दुसरे गणित मांडले. प्रोपेन वायूच्या एका रेणूत कार्बनाचे तीन आणि हायड्रोजनाचे आठ अणू असतात. त्या हिशेबाने एक किलो प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे ३.६ किलो प्राणवायू लागतो. एवढा प्राणवायू साधारण १३ घनमीटर हवेत असतो. म्हणजे गाडीत जेवढी हवा, तेवढी सगळी एका किलोला पुरी पडणार! आणि दोन किलोवॉटची शेगडी सहा-सात तासांच्या एका रात्रीत जवळजवळ एक किलो वायू जाळते. नातू म्हणाला, "म्हणजे आजी, सकाळपर्यंत हवा संपणार?" बाई म्हणाल्या, "संपण्याच्या फार आधीच ज्योतीला ती पुरेनाशी होईल, बाळ, आणि मग गॅसही कोपीतल्या निखाऱ्यासारखा वागू लागेल. शिवाय हे बघ, एक किलो प्रोपेन जळला, की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. ते बंद गाडीत जाणार कोठे? अंथरुणात आणि अस्तरात." आणि काझाच्या उंचीवर हवा मुळातच विरळ, कोल्हापूरच्या सुमारे दोनतृतीयांश, ही गोष्ट त्यांनी वहीच्या समासात वेगळी लिहून ठेवली.

गृहस्थ बँकेतले. आकड्यांपुढे हट्ट करण्याची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मेस्त्रींच्या दारात उभी राहिली, आणि ते एवढेच म्हणाले, "पाडा भोके."

नवी शेगडी यायला तीन आठवडे लागले. ही शेगडी म्हणजे वास्तविक एक बंद पेटी. ज्योत पेटीच्या आत एका धातूच्या कोठडीत जळते. त्या कोठडीला दोन नळ असतात. एकातून बाहेरची हवा ज्योतीकडे येते, दुसऱ्यातून जळून झालेले वायू आणि वाफ बाहेर जातात. घरातील हवा ज्योतीला कोठेही भेटत नाही. तापलेल्या कोठडीच्या बाहेरच्या अंगावरून एक लहानसा पंखा घरातील हवा फिरवितो, आणि तीच हवा ऊबदार होऊन परत येते. ज्योत विझली, तर गॅस आपोआप बंद होतो. पाहणाराला हे यंत्र नवे वाटते. परंतु बुखारीच्या नळाचाच तो विस्तार आहे.

गॅसही बदलावा लागला. स्वयंपाकाच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. सिलिंडरात ते दाबाखाली द्रवरूपात राहते, आणि त्याची वाफ होऊन ती नळीवाटे येते. नातवाने विचारले, "मेस्त्रीकाका, तोच गॅस नेला तर काय बिघडेल?" मेस्त्रींनी बाईंकडे पाहिले. बाईंनी सांगितले, की पाणी जसे १०० अंशांना उकळून वाफ होते, तसा ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो; प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांना. काझाच्या रात्री ब्युटेन सिलिंडरात द्रवरूपातच पडून राहील. सिलिंडर हलविला, तर आत गॅस डचमळतो आहे असे वाटेल, आणि शेगडी मात्र विझलेली असेल. यासाठी रीतसर परवानगीने, अधिकृत विक्रेत्याकडूनच निव्वळ प्रोपेन घ्यावयाचे ठरले.

मेस्त्रींनी सिलिंडरसाठी गाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याचा कप्पा केला. त्याचे दार बाहेरून उघडणारे, आणि घराच्या बाजूने तो पूर्णपणे बंद. त्याच्या तळाशी त्यांनी मुद्दाम मोकळे भोक ठेवले. कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. तो गळला, तर पाण्यासारखा खाली साचतो आणि ठिणगीची वाट पाहत बसतो. खाली वाट असेल, तर निघून जातो. तांब्याची नळी एकसंध टाकली. पत्र्यातून ती जेथे जात होती, तेथे रबरी कडे बसविले, नाहीतर हजार मैलांच्या हादऱ्यांनी पत्रा नळीला कापून काढील. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून त्यांनी नातवाला बुडबुडे पाहावयास बसविले. एका जोडावर मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला. तो जोड त्यांनी तीनदा खोलून पुन्हा बसविला. गॅस ओळखणारी घंटा जमिनीलगत लावली आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी घंटा उशाशी. "गाडी चालू असताना सिलिंडर बंद," असे त्यांनी कप्प्याच्या दारावर स्वतःच्या हाताने रंगाने लिहिले. अक्षर वाकडे आले होते. ते मात्र त्यांनी दुरुस्त केले नाही.

परीक्षेची रात्र पन्हाळ्यावर काढावयाची ठरली. पन्हाळा कोल्हापूरहून अवघा वीस किलोमीटर. परंतु उंचीमुळे तेथील डिसेंबरची रात्र शहरातल्यापेक्षा बरीच बोचरी असते. "पहिल्या रात्री मी बरोबर असेन," असे मेस्त्रींनी आधीच बजाविले होते. एका विश्रामगृहाच्या आवारात वाऱ्याला आडोसा म्हणून दगडी कुंपणाला अगदी खेटून गाडी उभी केली. आत शेगडी चालू झाली, आणि अर्ध्या तासात आजोबांनी स्वेटर काढून ठेवला. खिडकी त्यांनी बोटभर उघडी ठेवली होती. मेस्त्री आत निजले नाहीत. बाहेर लहानशी शेकोटी करून, घोंगडे पांघरून ते बसून राहिले.

रात्री दोनच्या सुमारास उशाशी घंटा वाजू लागली. आतली माणसे गोंधळून उठून बसतात न बसतात, तोच मेस्त्रींनी दार ओढून उघडले. त्यांनी काही विचारले नाही. प्रथम त्या मुलाचा दंड धरून त्याला बाहेर ओढून काढले आणि दूर नेऊन उभे केले. मग बाईंना आणले, मग साहेबांना. सिलिंडर बंद केला. शेकोटीच्या उजेडात त्यांनी तिघांची तोंडे एकेक करून पाहिली. मुलाच्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. परंतु त्यांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

कोणास काही झाले नव्हते. घंटा फारच लवकर वाजली होती, आणि तिचे कामच ते. उजाडल्यावर मेस्त्रींनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिले आणि बाहेर आल्यावर कपाळाला हात लावला. हवा घेणारा नळ आणि वायू सोडणारा नळ, दोन्ही त्यांनी गाडीच्या डाव्या अंगाला एकमेकांजवळ काढले होते. आणि रात्री तेच अंग कुंपणाला खेटलेले होते. बाहेर पडलेले वायू कुंपण आणि गाडी यांच्यामध्ये कोंडले. त्यातले काही शेगडीनेच परत ओढून घेतले, त्यामुळे ज्योत नीट जळेना. काही खिडकीच्या फटीतून आत आले. "चूक माझी आहे, साहेब," मेस्त्री म्हणाले. "मी धुराला वाट दिली, पण पुढे भिंत आली तर काय, हे पाहिले नाही." साठी गाठलेला, नावाजलेला कारागीर आपल्या नातवाएवढ्या मुलासमोर इतक्या सरळपणे चूक कबूल करतो, हे नेहमी दिसत नाही.

परत येताना वाटेत ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांची एक ओळ लागली. आता ट्रॅक्टर आले आहेत, आणि पाचटाच्या जागी बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकचे कापड आले आहे. बाकी पुष्कळसे तसेच आहे. पुरुष-बायका पहाटेच फडात गेल्या होत्या. दारापुढच्या चुलींतून धुराच्या रेघा सरळ वर चढत होत्या, आणि एक लहान मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चुलीशी हात शेकत होती. मेस्त्रींनी गाडी थांबवावयास सांगितले. एका कोपीचे निळे कापड चारी बाजूंनी जमिनीला टेकवून त्यावर दगड ठेवले होते. तेथे बसलेल्या म्हातारीपाशी ते उकिडवे बसून काही बोलले. बोलताना दोघांच्याही तोंडी बीडकडची बोली आली, असे मुलाच्या कानांनी टिपले. म्हातारीने मान हलविली. मग मेस्त्रींनी दोन दगड बाजूस सारले, कापडाची खालची दोरी सोडली आणि ती वीतभर वर घेऊन बांधली; दुसऱ्या बाजूलाही, माथ्याशी, तसेच केले.

वायू सोडणारा नळ पुढच्या आठवड्यात गाडीच्या उजव्या अंगाला गेला. जुन्या भोकावर एक चकती वेल्ड होऊन बसली. कुंपणाजवळ, भिंतीजवळ किंवा दुसऱ्या गाडीजवळ मुक्काम करू नये, असे आणखी एक वाक्य कप्प्याच्या दारावर त्याच वाकड्या अक्षरांत आले. पुन्हा पन्हाळ्यावर एक रात्र काढली. त्या वेळी घंटा वाजली नाही.

जानेवारीत गाडी उत्तरेकडे गेली. एके सकाळी उद्यमनगरातील शेडमधला फोन वाजला. पलीकडून गृहस्थांचा आवाज आला. ते काझाजवळ होते. रात्री पारा उणे अठरापर्यंत उतरला होता, बाहेर हातभर बर्फ पडले होते, आणि आत बाईंनी सकाळी साध्या साडीत बसून चहा केला होता. ते आनंदाने सांगत सुटले होते. नदी कशी गोठली आहे, याकचे केस केवढे लांब असतात, बर्फ पडताना मुळीच आवाज होत नाही, असे कितीतरी. मेस्त्रींनी सारे ऐकून घेतले. लेथ बंद करण्याची त्यांनी पोराला खूण केली आणि मग विचारले, "साहेब, नळाच्या तोंडावर बर्फ साचत नाही ना?"

"रात्रीतून दोनदा उठून फावड्याने काढतो," पलीकडून उत्तर आले. "एकदा मी, एकदा ही."

"तिसऱ्यांदाही उठत जा," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांनी लेथ चालू करावयास सांगितले.